ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर धाम नदीला काय फरक पडतो?

मागच्या जूनमध्ये मी पवनारला घरी होतो. मृग लागून आठवडा झाला होता, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या ओसरीत रचून ठेवलेल्या आणि आभाळ कोरडंठाक. मोठे बाबा खाटेवर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. ग्रीनलंडमधला बर्फाचा एक अख्खा कडा कडाडून समुद्रात कोसळत होता. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "हा बर्फ तिकडं वितयला त आपल्या धामले काय फरक पडते रे?"

मी इंजिनीअर, पुण्यात नोकरीला, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. मी ठरलेलं उत्तर देऊन टाकलं. समुद्राची पातळी वाढेल, मुंबईच्या किनाऱ्याला धोका, वगैरे.

"आपल्याइथं समुद्र कुठी हाय?"

बरोबर होतं त्यांचं. पवनार समुद्रापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास आत आहे आणि समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून उंच. दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे हिमालयातल्या हिमनद्या आटतील आणि नद्या कोरड्या पडतील. तेही इथे चालत नाही. गंगा, सिंधू यांना बर्फाचं पाणी मिळतं, धामला त्यातला थेंबही मिळत नाही. ती निव्वळ पावसाची नदी आहे. पाऊस पडला तर महाकाळीचं धरण भरतं, नाही पडला तर विनोबांच्या आश्रमाखालचे खडक उघडे पडतात.

म्हणजे मोठ्या बाबांच्या प्रश्नाचं खरं रूप असं होतं: बर्फाचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध आहे का? पुण्याला परतल्यावर मी त्याच्या मागे लागलो, आणि माझीच एक समजूत मोडली. आम्ही ऑफिसात लॉग आणि कोड यात फरक करतो. लॉग म्हणजे काय घडलं त्याची नोंद. ती वाचून काळजी करता येते, पण लॉगमुळे प्रोग्रॅमचं वागणं बदलत नाही. कोड बदलला तर बदलतं. वितळणाऱ्या बर्फाच्या बातम्या मी इतकी वर्षं लॉगसारख्या वाचत होतो: पृथ्वी तापतेय, त्याची ही खूण. पण बर्फ हा हवामानाच्या कोडचा भाग आहे. तो कमी झाला की पुढचं हवामान वेगळं चालायला लागतं.

आधी तीन शब्द

डोंगरावरून हळूहळू सरकणारा बर्फ म्हणजे हिमनदी, उदाहरणार्थ गंगोत्री. अख्खा भूखंड झाकणारा, काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड असलेला बर्फ म्हणजे हिमचादर. अशा आज जगात दोनच आहेत, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. आणि समुद्राचं पाणीच गोठून वर तरंगतं तो समुद्री बर्फ. हा तिसरा वितळला तर समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून पाणी सांडत नाही तसंच. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात गेला की. ग्रीनलंड पूर्ण वितळलं तर सुमारे ७ मीटर, अंटार्क्टिका पूर्ण वितळलं तर सुमारे ५८ मीटर. याला शेकडो ते हजारो वर्षं लागतील, उद्या सकाळी नाही.

चुना लावलेलं छप्पर

वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला बर्फाचं पहिलं काम समजावून सांगावं लागत नाही. गच्चीला चुना मारला की खालची खोली थोडी तरी सुसह्य होते. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा पिऊन घेतो. दुपारी आमच्या काळ्या मातीच्या वावरात अनवाणी चालून बघा.

ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के ऊन परत जातं. उघडा समुद्र मात्र जेमतेम ६ टक्के परत पाठवतो. बर्फ हटला आणि खालचं पाणी किंवा खडक उघडा पडला की तीच जागा कितीतरी जास्त उष्णता घेते, त्यामुळे शेजारचा बर्फ वितळतो, आणखी जागा उघडी पडते. हे लूप आहे. मधली पायरीही महत्त्वाची. बर्फ पूर्ण जायची गरज नसते, तो नुसता जुना, ओला आणि मळका झाला तरी त्याचं परावर्तन घसरतं. काजळी, धूळ, बर्फावर वाढणारं शेवाळ, सगळं मिळून त्याला करडा करतं. हिमालयातल्या हिमनद्यांवर आपल्या चुली, वीटभट्ट्या आणि डिझेलची काजळी जाऊन बसते.

इथे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विषय आठवतो. धन प्रतिसादाचं लूप दिसलं की आपल्याला वाटतं, आता हे अनंतापर्यंत जाणार. तसं नाही. पृथ्वी तापली की ती अवकाशात जास्त उष्णता फेकते, आणि हा ब्रेक आजवर तरी जास्त जोरदार आहे. लूपचा गेन एकापेक्षा कमी आहे. लूप मूळ धक्का मोठा करतं, अमर्याद करत नाही. यूट्यूबवरचे 'पृथ्वीचा शेवट' छापाचे व्हिडिओ हे सांगत नाहीत.

ग्रीनलंडमध्ये आणखी एक लूप आहे, उंचीचं. हिमचादरीचा माथा तीन हजार मीटरहून उंच, म्हणून थंड. वरून बर्फ वितळत गेला की पृष्ठभाग खाली येतो आणि खाली हवा जास्त गरम असते. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना अंगावर येणारा फरक तोच. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीनलंडच्या माथ्यावरच्या संशोधन केंद्रात, ३,२१६ मीटर उंचीवर, पाऊस पडला. बर्फ नाही, पाऊस. तिथे नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

लग्नातल्या मठ्ठ्याच्या पिंपात बर्फाची लादी असेपर्यंत मठ्ठा गार राहतो आणि ती संपली की भराभर तापतो, हे आपण पाहिलेलं असतं. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. मला वाटलं होतं की पृथ्वीचंही असंच असेल, बर्फच आपली उष्णता शोषून घेतोय. आकडे पाहिल्यावर ते चूक निघालं. वाढलेल्या उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के समुद्रात जाते, बर्फ वितळण्यात फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. पिंप प्रचंड आहे आणि लादी लहान. बर्फाचा खरा प्रभाव तो किती उष्णता पितो यात नाही, तो ऊन परत फेकतो यात आहे, आणि वितळल्यावर त्याचं गोडं पाणी कुठे जातं यात आहे.

मिठाचं पाणी

हा भाग थेट पावसाशी जोडलेला आहे.

भंडारा-गोंदियाकडे धानाचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाला बसतात. हे साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात चांगलं जमतं, कारण ते जड असतं. समुद्रातही जड पाणी खाली बसतं. अटलांटिक महासागरात उष्ण कटिबंधातलं गरम, खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जातं. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आसपास ते आपली उष्णता हवेला देऊन थंड होतं. थंड आणि खारट, म्हणजे दोन्ही कारणांनी जड. ते तळाला बसतं आणि खोलातून दक्षिणेकडे परत येतं. या फेऱ्यात सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी फिरतं. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या दहाव्या भागापर्यंत पोचत नाहीत.

आता याच बुडण्याच्या जागेजवळ ग्रीनलंडचं गोडं पाणी येऊन पडतं. गोडं पाणी हलकं, ते वरच राहतं. वरचा थर कमी खारट झाला की थंड होऊनही पुरेसा जड होत नाही, आणि पट्टा मंदावतो. मग उत्तरेकडे कमी उष्णता जाते. उत्तर गोलार्ध दक्षिणेच्या तुलनेत थोडा थंड पडतो, आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा गरम बाजूकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. आपला मोसमी पाऊस म्हणजे याच पट्ट्याचं उन्हाळ्यात जमिनीवर चढून येणं. तो दक्षिणेला रेंगाळला तर इथे वाट बघणारे बघतच राहतात.

हे नुसतं कॉम्प्युटर मॉडेल नाही, एकदा घडून गेलंय. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत शेवटच्या हिमयुगाच्या बर्फानं अडवून धरलेलं एक अवाढव्य सरोवर फुटलं आणि त्याचं गोडं पाणी अटलांटिकमध्ये गेलं. उत्तर अटलांटिक थंड पडला. त्याच काळात ओमानमधल्या गुहांच्या चुनखडीच्या खांबांमध्ये पाऊस कमी झाल्याच्या खुणा सापडतात. ओमानला येणारा तो पाऊस अरबी समुद्रावरच्या त्याच मोसमी वाऱ्यांचा. त्याहून मागे गेलं तर, हिमयुगात अटलांटिकमध्ये हिमनगांचे लोंढे सुटले त्या त्या वेळी आपला मोसमी पाऊस अशक्त झाल्याची नोंद अरबी समुद्राच्या तळातल्या गाळात मिळते. अटलांटिकचा बर्फ आणि अरबी समुद्रावरचे वारे यांच्यात डिपेंडन्सी आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, कुणी डॉक्युमेंट केलेली नव्हती एवढंच.

आज काय स्थिती आहे? २००४ पासून अटलांटिकमध्ये साडेसव्वीस अंश उत्तर अक्षांशावर उपकरणांची एक रांग हा प्रवाह मोजते आहे. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात तो मंदावणार हे जवळपास नक्की, पण २१०० च्या आधी एकाएकी कोसळण्याची शक्यता कमी. कोसळलाच तर आशियातला मोसमी पाऊस दुबळा होईल, असं तोच अहवाल म्हणतो. आणि गंमत पाहा, तोच अहवाल हेही सांगतो की हवा तापल्यामुळे ती जास्त बाष्प धरते, म्हणून दूरच्या काळात दक्षिण आशियातला पाऊस एकूण वाढेल. दोन हात एकच दोर दोन बाजूंनी ओढतायत.

चंद्रपूरचा ओरखडलेला दगड

हे सगळं वाचताना एक माणूस दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटला. हेन्री ब्लॅनफर्ड. १८५६ मध्ये तो आणि त्याचा भाऊ विल्यम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी ओडिशातल्या तालचेरला कोळशाचे थर तपासत होते. कोळशाखाली त्यांना मऊ, बारीक गाळात अडकलेले मोठमोठे धोंडे दिसले. वाहतं पाणी असं करत नाही. धोंडे वाहून नेण्याइतकं जोरदार पाणी बारीक गाळ ठेवून जात नाही. त्यांनी म्हटलं, हे बर्फाचं काम आहे. भारतात, तेही ओडिशात, बर्फ? लोकांना पटायला वेळ लागला.

पुरावा मिळाला तो विदर्भात. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे (इरई नदी आणि इरई धरण वेगळं, गोंधळू नका). तिथे चुनखडीच्या जुन्या खडकावर समांतर ओरखडे आहेत, जणू कुणी प्रचंड पॉलिशपेपर घासलाय. फ्रान्सिस फेडनने त्यावर १८७५ मध्ये लिहिलं. बर्फात रुतलेले दगड घेऊन हिमचादर सरकते तेव्हा खालच्या खडकावर अशाच रेघा पडतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाकडे होता आणि आजच्या चंद्रपूरवर बर्फ होता. पवनारची माणसं जमिनीतून जुनं काही निघण्याला सरावलेली आहेत, आश्रमाची जमीन खणताना मूर्ती निघालेल्या. पण आमच्या पायाखाली काळा बेसाल्ट. बर्फाची खूण पाहायची तर पाण्याबरोबर खाली जावं लागतं, धामचं पाणी पुढे ज्या वर्धा नदीला जातं तिच्या खोऱ्यात.

बर्फ गेल्यावर त्याच गाळावर दलदलीची जंगलं वाढली. त्यांचा कोळसा झाला. घुग्गुस, वणी, बल्लारपूरचा. तो कोळसा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्रात जळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि ग्रीनलंडचा बर्फ वितळवायला हातभार लावतो. माझा लॅपटॉप पवनारला असताना ज्या विजेवर चालतो, तिच्यातली काही तिथलीच असणार.

आता ब्लॅनफर्डचं दुसरं आयुष्य. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं आणि त्याचा पहिला प्रमुख तोच. लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला, आणि पावसाचा अंदाज आधी कसा सांगायचा हा प्रश्न सरकारच्या गळ्याशी आला. ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये मांडलं की हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला, तर पुढचा पाऊस भारतात कमी पडतो. कारण आपण वर पाहिलं तेच. पांढरी जमीन ऊन परत फेकते, उरलेली उष्णता बर्फ वितळण्यात जाते, भूभाग तापत नाही, आणि समुद्रावरून वारे ओढून घेणारी ताकद कमी पडते. १८८६ पासून याच कल्पनेवर देशाचा मोसमी अंदाज अधिकृतपणे द्यायला सुरुवात झाली. म्हणजे मोठ्या बाबांनी ओसरीत विचारलेल्या प्रश्नावर आपल्या हवामान खात्याचा पहिला अंदाज उभा होता.

पुढे हे समीकरण एकट्यानं पुरेसं ठरलं नाही. प्रशांत महासागरातला एल निनो त्याहून वजनदार निघाला.

बर्फाचं वजन कसं करतात?

हा माझा आवडता भाग, थोडा वेळ घेतो. ग्रीनलंड वजनकाट्यावर ठेवता येत नाही. मग दरवर्षी किती बर्फ गेला हे कळतं कसं?

२००२ मध्ये दोन उपग्रह एकामागोमाग, साधारण २२० किलोमीटर अंतर ठेवून सोडले गेले. मोहिमेचं नाव ग्रेस, त्या दोघांचं टोपणनाव टॉम आणि जेरी. पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या जागेजवळ आला की तिचं गुरुत्वाकर्षण त्याला किंचित पुढे ओढतं आणि दोघांतलं अंतर वाढतं. मागचा तिथे पोचला की तोही ओढला जातो, अंतर पुन्हा बदलतं. हा बदल ते केसाच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक मोजत होते. दर महिन्याला असा नकाशा काढला की कुठलं वस्तुमान घटलं ते दिसतं. २०१८ पासून त्यांची पुढची जोडी हेच काम करतेय. उत्तर: ग्रीनलंड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावतंय, अंटार्क्टिका त्याच्या निम्म्याच्या आसपास. साधारण ३६० अब्ज टन बर्फ गेला की जगभरचा समुद्र एक मिलिमीटर चढतो.

याच टॉम-जेरीनं २००९ मध्ये आपल्याला वेगळाच धक्का दिला होता. २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणाच्या पट्ट्यात १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचं त्यांच्याच आकड्यांतून निघालं. कुणाच्याही विहिरीत न डोकावता.

गुरुत्वाकर्षणाचा आणखी एक खेळ. ग्रीनलंडचा बर्फ इतका जड आहे की तो आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की पकड सैल होते, ग्रीनलंडलगतचा समुद्र चक्क खाली जातो आणि ते पाणी दूर, उष्ण कटिबंधाकडे वाढतं. मुंबई-कोकणाच्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडं जास्तच.

या कामात आपणही आहोत. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावर मैत्री आणि भारती, आर्क्टिकमध्ये २००८ पासून हिमाद्री, ही ठाणी तिथून चालवली जातात. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून गेला. त्याचा रडार ढगांतून आणि अंधारातूनही जमीन आणि बर्फाची हालचाल सेंटिमीटरच्या हिशोबात पकडतो.

मग मोठ्या बाबांना काय सांगितलं?

दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा सोयाबीनचं झालेलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस काढणीला आलेल्या शेंगांवर आठ दिवस पाऊस बसला होता, निम्म्या दाण्याला झाडावरच कोंब फुटले. ती पिशव्यांची ओसरी, आता ओलसर वासाची.

मी त्यांना वास्कोच्या त्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात बर्फ कमी असला, तर वातावरणाच्या वरच्या थरात एक लाट तयार होते, आणि अरबी समुद्र तापलेला असेल तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा संबंध त्यांना दिसला. संबंध 'असू शकतो' असं ते लिहितात आणि मीही तेवढंच म्हणतो. यंदाचा आमचा पाऊस त्यामुळेच पडला, हे कुणीही सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्याच्यापासून जपून राहा.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. ब्लॅनफर्डही सांगितला. मग म्हणाले, "म्हंजे बर्फ कमी झाला त आपल्याले पाऊस जास्त भेटन, आन तो दुसरा बर्फ वितयला त कमी भेटन. मंग मी पेरू कवा?"

मी मेघदूत अॅप त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. हवामान खात्याचा सल्ला त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीतून. आता दर मंगळवारी सकाळी मला पुण्याला फोन येतो, सल्ला वाचून दाखवायला. चष्मा हरवलाय म्हणतात.